आधी केलेले, नंतर कळलेले

फँटसी आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम, सुरू केला की तासाभरातच एक अख्खे जग हाती येते. त्या जगाला स्वतःचे देव असतात, राजघराणी असतात, हजारो वर्षांचा इतिहास असतो. तो इतिहास कुणीतरी सांगितलेला असतो: एखाद्या धर्मपीठाने, एखाद्या भटक्या टोळीने, एखाद्या म्हाताऱ्या योद्ध्याने. खेळाडू त्यावर विश्वास ठेवून चालू लागतो. कुणाची बाजू घ्यायची, कुणाला जिवंत सोडायचे, कुठल्या देवाचा मान राखायचा, हे तो त्याच माहितीच्या आधारे ठरवतो. मग कित्येक तासांनी, शेवट दिसू लागलेला असताना, गेम सांगतो की तो इतिहास खोटा होता, किंवा अर्धाच खरा होता. गेमच्या जगाच्या या पूर्वकथेला खेळणारे ‘लोर’ म्हणतात. उशिरा उघड होणारा लोर आणि कथानकाचा तर्क यांचे नाते हा या पुस्तकातील लेखांचा विषय आहे. लेखांत आणि या प्रस्तावनेतही अनेक गेम्सची रहस्ये फोडलेली आहेत. त्याला इलाज नाही. शेवट झाकून शेवटाची चिकित्सा करता येत नाही.

अशा रहस्यांची चर्चा निघाली की एकच कसोटी पुढे येते: त्याच्या खुणा आधी पेरल्या होत्या का? ही कसोटी आपण रहस्यकथांकडून घेतली आहे. खुनी पहिल्या प्रकरणापासून वाचकासमोर वावरत असला पाहिजे, शेवटच्या पानावर बाहेरगावाहून येऊन चालणार नाही, हा त्या प्रकाराचा रास्त नियम. आरपीजीलाही तो लागू आहे. पण तो पुरेसा नाही, असे माझे म्हणणे आहे. रहस्यकथेचा वाचक खुनाचा साक्षीदारही नसतो. तो फक्त वाचतो. आरपीजीच्या खेळाडूने मात्र आधीच काहीतरी केलेले असते. म्हणून नव्याने कळलेल्या गोष्टीला दुसरा, अधिक कडक प्रश्न विचारायला हवा: खेळाडूने आजवर जे केले त्याचा अर्थ तिच्यामुळे बदलतो का, आणि बदलल्यावरही ते केलेले त्याचेच राहते का?

हा प्रश्न गेम्सच्या जन्माच्या फार आधीचा आहे. महाभारतात कर्ण हा कुंतीचा थोरला मुलगा, हे श्रोत्याला आदिपर्वापासून ठाऊक असते. कृष्ण ते युद्धाआधी कर्णालाही सांगतो. युधिष्ठिराला मात्र ते कळते युद्ध संपल्यावर, मृतांना तिलांजली देण्याची वेळ येते तेव्हा. त्या क्षणी युद्धातली एकही घटना बदलत नाही. जिंकलेले राज्य तेवढेच राहते, मेलेले तेच राहतात. तरी युधिष्ठिराच्या दृष्टीने सगळे युद्धच वेगळे होऊन बसते, कारण शत्रू म्हणून ज्याला मारवले तो थोरला भाऊ निघाला. श्रोता हे दुःख बाहेरून पाहतो. आरपीजीला जे साधते, आणि कादंबरीला किंवा चित्रपटाला तितके साधत नाही, ते हे की तिथे युधिष्ठिराच्या जागी खुद्द खेळाडू उभा राहू शकतो. ज्या गेमला उशिरा काही उघड करायचे आहे, त्याने या ताकदीचा काय उपयोग केला, हे आधी पाहावे.

१९९७ सालच्या ‘फायनल फँटसी सेव्हन’चे उदाहरण आजही सर्वांत स्वच्छ आहे. काल्म गावच्या खानावळीत नायक क्लाउड सोबत्यांना पाच वर्षांपूर्वीची हकिगत सांगतो. शिन्रा कंपनीच्या खास दलाचा योद्धा म्हणून तो विख्यात सेफिरॉथबरोबर स्वतःच्या गावी, निबेलहाइमला, कसा गेला आणि तिथे काय भयंकर घडले, याची ती हकिगत. गेम ती नुसती ऐकवत नाही, खेळायला लावतो. खेळाडू कंट्रोलर हातात धरून त्या गावात फिरतो, क्लाउडच्या आईला भेटतो, आता सोबत्यांत असलेल्या टिफाच्या घरात शिरतो. डोंगराच्या वाटेवर सेफिरॉथ शत्रूंना लीलया लोळवतो आणि क्लाउड त्याच्यापुढे अगदीच दुबळा ठरतो. चेहरा झाकलेले दोन साधे शिपाईही सोबत असतात; त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. हकिगत चालू असताना टिफा तिथेच बसलेली असते. ती त्या गावची, त्या प्रसंगाची साक्षीदार, तरी ती गप्प राहते. पुष्कळ पुढे, मिडील गावी, क्लाउड मनाने पूर्ण कोसळल्यावर टिफा त्याच्या आठवणींच्या आत उतरते आणि खरे बाहेर येते: सेफिरॉथबरोबर गेलेला योद्धा झॅक नावाचा दुसराच कुणी होता. क्लाउड त्या दोन शिपायांपैकी एक होता.

इथे खुणा पेरलेल्या आहेत, पण या प्रसंगाचे बळ खुणांत नाही. खोटी आठवण खेळाडूने स्वतः चालवलेली असते, हे खरे बळ आहे. क्लाउड सोबत्यांशी खोटे बोलत होता, स्वतःशीही खोटे बोलत होता, आणि त्या खोट्यातले प्रत्येक पाऊल खेळाडूच्या अंगठ्याने टाकले होते. गोंगागा गावात झॅकचे म्हातारे आईवडील मुलाची चौकशी करतात. तो प्रसंग वाटेत न थांबणाऱ्याला दिसतही नाही. पण ज्याने तो पाहिला आहे, त्याला सत्य कळल्यावर ते घर पुन्हा आठवल्यावाचून राहत नाही.

याच मालिकेतला २००० सालचा ‘फायनल फँटसी नाइन’ उलट बाजूचा दाखला आहे. कुजा हा खलनायक पूर्ण गेमभर उभा केला जातो. त्याची ईर्ष्या, त्याचे मरणाचे भय, आपले आयुष्य मुद्दाम थोडे ठेवले आहे हे कळल्यावरचा त्याचा संताप, सारे नीट रचलेले आहे. त्याचा पराभव होतो आणि मग नेक्रॉन नावाची एक शक्ती प्रकट होते. तिचा उल्लेख आधी कुठेही नसतो. शेवटची लढाई तिच्याशी होते. नेक्रॉनचे समर्थन करणारे म्हणतात की गेमचा विषयच मृत्यूचे भय आहे, नायकाचा छोटा सोबती व्हिवी याच्या सगळ्या कथेत तेच आहे, मग मृत्यूची इच्छाच मूर्त होऊन समोर आली तर बिघडले कुठे? आशयाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण आशय जुळला म्हणून कथानक जुळत नाही. नेक्रॉन उगवल्याने मागच्या एकाही निर्णयाचा, एकाही लढाईचा अर्थ बदलत नाही. ती काढून टाकली तरी बाकीचा गेम जसाच्या तसा उभा राहतो.

या दोन टोकांमधला सगळा प्रदेश एकाच मालिकेत पाहायचा असेल, तर बायोवेअरची ‘ड्रॅगन एज’ पाहावी. २००९च्या ‘ओरिजिन्स’पासून २०२४च्या ‘द व्हेलगार्ड’पर्यंत पंधरा वर्षे तिने थेडास नावाच्या एकाच जगाची पूर्वकथा थोडी थोडी उघडत नेली. पहिल्या गेमच्या आरंभी निवेदक सांगतो की जादूगारांनी गर्वाने देवाच्या सुवर्णनगरीत पाऊल टाकले, ती त्यांच्या पापाने काळी पडली आणि त्यांच्यातून पृथ्वीवर राक्षस आले. ही चँट्री या धर्मपीठाची शिकवण. डेलिश एल्फ टोळ्यांची कथा वेगळी: फेनहॅरेल नावाच्या कपटी लांडग्याने त्यांच्या देवांना फसवून कायमचे कोंडून ठेवले. गेममधल्या नोंदींत ही माहिती येते, आणि यांतल्या कित्येक नोंदी त्याच जगातल्या कुणीतरी लिहिलेल्या असतात. ब्रदर जेनिटिव्ही हा चँट्रीचा विद्वान त्यांपैकी एक. म्हणजे खेळाडूला इतिहास मिळतो तो लेखकाच्या नावासकट. खोटे निघण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून उघडपणे मांडलेली आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. प्रत्येक नोंद कुणाची तरी बाजू असेल, तर लेखक पुढे काहीही बदलू शकतो. जुने अडचणीचे झाले की सांगणारा चुकला म्हणायचे आणि सुटायचे. मग तर्क उरला कुठे? माझे उत्तर असे की खोट्या इतिहासालाही कारण लागते. चँट्रीची कथा टिकली, कारण जादूगारांना मनोऱ्यांत कोंडून ठेवायला तिला ती कथा हवी होती. डेलिशांची कथा तुटकी उरली, कारण त्यांची राज्ये गेली, भाषा गेली, गुलामीत पिढ्या गेल्या. २०१५ साली, मालिकेतल्या ‘इन्क्विझिशन’ या गेमच्या ‘ट्रेसपासर’ नावाच्या पुरवणी भागात, उघड होते की एल्फांचे देव हे देव नव्हतेच; ते गुलाम बाळगणारे बलाढ्य जादूगार होते. फेनहॅरेलने त्यांना कोंडले हे खरे, पण का, ते डेलिश विसरले होते. सांगाडा तसाच राहतो, फक्त पापी कोण ते बदलते. विस्मरणाला कारण असेल तर असे बदलणे पचते. हे सगळे लेखकांनी २००९ मध्येच ठरवून ठेवले होते का, हा प्रश्न मला गौण वाटतो. वाचकाला लेखकाचे टिपण दिसत नसते, त्याच्यापुढे असते ते कथानक.

खरी कसोटी ‘इन्क्विझिशन’मध्ये लागते. २०१४च्या या गेममध्ये सोलास हा टक्कल असलेला, शांत, काहीसा शिष्ट एल्फ जादूगार नायकाच्या सोबतीला असतो. स्कायहोल्ड किल्ल्याकडे वाट दाखवणारा तोच. किल्ल्यातल्या गोल दालनात तो भिंतींवर चित्रे काढतो आणि प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर त्यांत एका चित्राची भर पडते. चित्रांचा विषय असतो खेळाडूचा पराक्रम. शेवटी कळते की सोलास हाच फेनहॅरेल. खलनायक कोरिफियसच्या हाती ज्या गोलकाची शक्ती होती, तो गोलकही सोलासचाच. ज्या संकटातून नायकाचे सगळे मोठेपण उभे राहिले, त्या संकटाच्या मुळाशी असलेला माणूस त्याच संकटाचा विजयोत्सव भिंतीवर रंगवत होता. चित्रे तीच राहतात, पण पुन्हा खेळणाऱ्याला त्या दालनात पहिल्यासारखे शिरता येत नाही.

याच गेममधला एक छोटा प्रसंग मी सगळ्या फँटसी आरपीजींत फार वरचा मानतो. डेलिश एल्फ वयात आल्यावर चेहऱ्यावर गोंदवून घेतात. प्रत्येक नक्षी एकेका देवाची खूण. खेळाडूने एल्फ पात्र निवडले तर गेम सुरू होण्याआधीच, नाकडोळे ठरवताना, तो ही नक्षीही निवडतो. कुणी देवाच्या कथेमुळे निवडतो, बहुतेक जण दिसायला बरी म्हणून निवडतात. पुढे या एल्फ नायिकेचे सोलासवर प्रेम जडले, तर तो एका रात्री तिला बाजूला नेऊन सांगतो की या नक्ष्या प्राचीन काळी मालकांनी गुलामांच्या चेहऱ्यांवर काढलेल्या खुणा होत्या. त्या पुसून टाकण्याची तयारीही तो दाखवतो. हो म्हणायचे की नाही, हे खेळाडू ठरवतो. हो म्हटले तर उरलेला गेमभर नायिकेचा चेहरा कोरा राहतो. नाही म्हटले तर तीच खूण जाणूनबुजून, नव्या अर्थाने मिरवायची. इथे हजारो वर्षांपूर्वीचा इतिहास खेळाडूने पहिल्या अर्ध्या तासात सहज केलेल्या निवडीपर्यंत येऊन पोचतो. ती निवड मोडीत निघत नाही. उलट तिच्याकडे पुन्हा एकदा, डोळे उघडे ठेवून पाहायला मिळते. उशिरा कळलेल्या गोष्टीकडून याहून अधिक काय मागावे?

‘द व्हेलगार्ड’चे मूल्यमापन याच मापाने केले, तर ते अवघड होते. या गेममध्ये पूर्वकथेचा साठा विपुल आहे आणि खुणांच्या जुन्या कसोटीवर तो उत्तम उतरतो. बुटके लोक स्वप्ने पाहत नाहीत, त्यांना जादू येत नाही, हे पहिल्या गेमपासून सांगितलेले होते. आता कारण कळते: त्यांचे मूळ असलेल्या प्रचंड टायटनांची स्वप्ने सोलासने तोडली होती, आणि ती तुटलेली, वेडी झालेली स्वप्ने म्हणजेच जगाला सडवणारी महामारी. पंधरा वर्षे पडून असलेले कोडे सुटते, तेही सुबकपणे. पण हे खेळाडूला कळते कसे? सोलासच्या आठवणी एकेक करून गोळा करायच्या, पाहायच्या आणि मग सोबत्यांनी त्यांवर चर्चा करायची. त्या आठवणींत खेळाडू पाहुणा असतो. जे घडले ते सोलास आणि एल्फांची देवी मानली गेलेली मिथाल यांच्यात, कुणाही खेळाडूच्या जन्माआधी घडले. लेस हार्डिंग या बुटक्या सोबतिणीच्या कथेत हे सत्य वर्तमानात उतरते. तिच्या मनात जागा झालेला टायटनचा राग जवळ करायचा की सोडायचा, हा प्रश्न तिथे येतो आणि तेवढ्यापुरता लोर जिवंत होतो. बाकी बराचसा इतिहास पाहायचा आणि पुढे जायचे.

असे का झाले, याचा माझा अंदाज सांगतो. आधीच्या गेम्समध्ये खेळाडूंनी इतके निर्णय घेतले होते की २०१४ साली ते नोंदवायला ‘ड्रॅगन एज कीप’ नावाची वेगळी सोय करावी लागली. दहा वर्षांनी ‘व्हेलगार्ड’ने त्यांतले फक्त तीन पुढे नेले: ‘इन्क्विझिशन’च्या नायकाचे प्रेम कुणावर होते, त्याची संघटना टिकली की बरखास्त झाली आणि सोलासला वाचवायचे की रोखायचे. मिथालच्या देवळातील दुःखकुंडाचे पाणी कुणी प्यायले, हे त्यांत नाही. ते पाणी पिणारा मिथालच्या आज्ञेला बांधला जातो, हे ‘इन्क्विझिशन’मध्ये ठासून सांगितले होते, आणि नव्या गेममध्ये मिथालचा अंश प्रत्यक्ष भेटतो, तरीही. जिथे प्रत्येक खेळाडूचे जग निराळे आहे तिथे लिहिणे खर्चाचे असते. जिथे कुणीच खेळले नाही अशा प्राचीन काळात लेखक मोकळा असतो. म्हणून रहस्ये मागे मागे सरकत गेली.

यावर म्हणणारे म्हणतील की हा व्यवहाराचा प्रश्न आहे. शेकडो शक्यतांसाठी संवाद लिहून, ध्वनिमुद्रित करून, तपासून घेणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. हे खरे आहे, आणि त्यासाठी लेखकांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण अडचण खरी असली म्हणून परिणाम नाहीसा होत नाही. शिवाय सगळे निर्णय पुढे नेण्याची गरजही नसते. गोंदणाचा प्रसंग एकाच गेमच्या आत घडतो, त्याला मागची कुठलीही सेव्ह फाइल लागत नाही. ‘व्हेलगार्ड’मध्येही असा एक प्रयत्न आहे. आरंभीच सोलासच्या हातून जखमी झालेला मालिकेतला जुना सोबती व्हॅरिक आजारी पडून असतो, नायक रूक त्याच्याशी बोलत राहतो, आणि शेवटाकडे कळते की व्हॅरिक तेव्हाच मेला होता. सोलासच्या रक्तजादूने रूकला तो दिसत होता. खुणा चोख आहेत, घाव बसतो. पण त्या भेटींत खेळाडूला ठरवण्यासारखे फार थोडे होते. व्हॅरिकच्या सल्ल्यावरून त्याने एखादा मोठा निर्णय घेतला असता, तर हेच रहस्य कितीतरी खोल गेले असते.

या गेमच्या गुप्त शेवटाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. विशिष्ट गोष्टी शोधणाऱ्यांनाच दिसणाऱ्या या दृश्यात समुद्रापलीकडची एक अज्ञात शक्ती सांगते की आम्ही आजवर तोल सांभाळला, दिशा दिली, कुजबुजलो. आणि मालिकेतल्या जुन्या खलपात्रांची चित्रे सरकत जातात. त्यांत लोगेन आहे. ‘ओरिजिन्स’मध्ये ऑस्टागारच्या रणांगणावर राजा केलनला मरायला सोडून फौज मागे घेणारा हा सेनापती. त्याने तसे का केले, हे त्या गेमने कसोशीने उभे केले होते: ज्या ऑर्लेच्या परकीय सत्तेशी तो तरुणपणी लढला, तिलाच राजा मदतीला बोलावतो आहे, हे त्याला असह्य झाले होते. पुढे सरदारांच्या सभेत त्याचा न्याय खेळाडूने करायचा असतो. मारायचे, की जिवंत ठेवून आपल्या दलात घ्यायचे? घेतले तर जुना सोबती अॅलिस्टेअर संतापून निघून जातो. हा निर्णय अवघड आहे, कारण लोगेन स्वतःच्या भीतीने आणि देशप्रेमाने चुकला. कुजबुज म्हणजे हुकूम नव्हे, असा बचाव करता येईल. तरी एकदा कानाशी कुणीतरी होते म्हटले की सभेत उभा असलेला आरोपी अर्धा होतो आणि त्याला शिक्षा किंवा माफी देणारा खेळाडूही अर्धा होतो. केलेल्या कृतीचा अर्थ इथे बदलतो, पण ती ज्याची होती त्याच्या हातातून काढून घेऊन. उशिरा सांगितलेल्या गुपिताने करू नये ते हेच.

लोर खेळाडूच्या कृतीला चिकटवावाच का, शोधण्याचा आनंद पुरेसा नाही का, असेही विचारले जाते. २०११चा ‘डार्क सोल्स’ त्यासाठी पुढे केला जातो, कारण तिथे इतिहास तलवारींच्या आणि अंगठ्यांच्या वर्णनांतून तुकड्यातुकड्यांनी वेचावा लागतो. मला तो गेम माझ्याच बाजूचा साक्षीदार वाटतो. अॅनोर लोंडो या देवनगरीत सूर्यप्रकाशात पहुडलेली राजकन्या ग्विनेव्हिअर भेटते, वरदान देते, वाट दाखवते. बहुतेक जण नमस्कार करून पुढे जातात. एखाद्याने तिच्यावर शस्त्र चालवले तर ती विरून जाते, नगरीवर अंधार पसरतो आणि कळते की राजकन्या आणि ऊन दोन्ही भास होते. ती माहिती कुणी सांगत नाही. खेळाडूने घाव घातला म्हणून ती उघड झाली, आणि त्यानंतरचा अंधारही त्याच्याच खात्यावर पडतो.

या पुस्तकातील लेखकांची मते एकसारखी नाहीत. दोघा-तिघांना नेक्रॉन मनापासून आवडतो, आणि ‘व्हेलगार्ड’मधल्या टायटनांच्या कथेची बाजू इथे माझ्यापेक्षा जास्त आस्थेने मांडलेली सापडेल. ते लेख वाचून माझ्या कसोटीत कुठे कच्चे आहे, ते वाचकांनी ठरवावे. एक विनंती मात्र आहे. ज्यांनी ‘इन्क्विझिशन’ खेळला आहे पण ‘ट्रेसपासर’ खेळलेला नाही, त्यांचा तो गेम अजून संपलेला नाही. हा भाग आधी वेगळा प्रकाशित झाला होता. ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्तीत तो समाविष्ट आहे. पुढचे लेख वाचण्याआधी तो खेळून घ्यावा, आणि शक्य असेल तर एल्फ पात्र घेऊन खेळावा.